परत जायची सवय नसलेला माणूस

"एसी त्या कोपऱ्यात आहे. फिल्टर काढा, पण धूळ माझ्या टेबलावर नको हं!" मान न वळवताच तिने सांगितलं.

दारातल्या माणसाने तिच्या पाठमोऱ्या वेणीकडे पाहिलं, मग एसीकडे पाहिलं, खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि मुकाट्याने खुर्चीवर चढला. बाहेर पाऊस रिपरिपत होता. सकाळपासून तिने एसीवाल्याला तीन फोन केले होते. तेव्हा आलेला माणूस एसीवालाच असणार, हे उघड होतं.

तिचं काम माहितीपटांच्या संकलनाचं. कुठकुठल्या देशांतल्या लोकांची लग्नं, पेरण्या, अंत्ययात्रा असं सगळं या आठ बाय दहाच्या खोलीत येऊन पडायचं, आणि ती ते कापून-जोडून त्याचा तासाभराचा माहितीपट करायची. घरी दादा आणि वहिनी तिला 'कात्री'च म्हणायचे. चाळीसेक जमातींच्या चालीरीती तिला तोंडपाठ होत्या, आणि स्वतः मात्र ती दादाच्या स्कूटरवरून जाता येईल त्यापलीकडे कधी गेली नव्हती.

आत्ता पडद्यावर डोंगरातल्या एका गावात लग्न चाललं होतं. वऱ्हाड आलं, नवरीने दार उघडलं, सगळे हसत आत शिरले.

"च्..." मागून आवाज आला. "आणि आधीची दोन दारं कुठे गेली?"

तिचा हात जागीच थांबला. गेले दोन महिने ती हा 'च्' ऐकत होती! काही मनाजोगतं टिपलं गेलं किंवा हुकलं, की कॅमेऱ्यामागचा माणूस जिभेने असा आवाज करायचा. चढावरची त्याची धाप तिच्या ओळखीची होती. एका शेळीने कॅमेऱ्याचं भिंग चाटलं तेव्हा तो खळाळून हसला होता, आणि ते हसणं तिने काही काम नसताना कितीतरी वेळा वाजवून ऐकलं होतं. ही गोष्ट तिने वहिनीलासुद्धा सांगितली नव्हती, म्हणजे बघा.

ती वळली. खुर्चीवर एक उंच माणूस उभा होता. हातात फिल्टर, भुवयांवर धूळ.

"तुम्ही... तुम्ही कॅमेरावाले?"

"हो. पण थांबा, एवढा झटकून घेतो. सहा महिने तरी कुणी हात लावला नसेल बिचाऱ्याला."

धरणीने पोटात घ्यावं, असं तिला झालं. पण कुतूहल लाजेपेक्षा जबर होतं.

"कुठली दोन दारं?"

"नवरी वऱ्हाडाच्या तोंडावर दोनदा दार लावते ना. तिसऱ्यांदा उघडते."

"ते रिटेक होते! पहिल्यात कोंबडी मधे आली होती, दुसऱ्यात तुमचा हात हलला होता. मी शेवटचा चांगला तेवढा ठेवला."

"मी रिटेक घेत नाही हो," तो हसू दाबत म्हणाला. "लोकांना 'जरा परत एकदा लग्न करा' असं कसं सांगणार?"

खुर्चीवरूनच त्याने समजावलं. पहिलं दार लावते तेव्हा मुलगी सांगते, 'ऐकलं.' दुसऱ्यांदा सांगते, 'विचार करतेय.' तिसऱ्यांदा उघडते ती आपल्या मनाने. पहिल्याच हाकेला दार उघडलं, तर त्या गावात त्याचा अर्थ एकच होतो... पोरीला कुणी विचारलंच नाही, परस्पर देऊन टाकली.

शनिवारी त्या नवरीची आजी हा माहितीपट बघायला येणार होती, गावच्या मास्तरांना दुभाषी म्हणून घेऊन. ज्यांच्यावर माहितीपट, त्यांनी पाहून हो म्हटल्याशिवाय तो बाहेर जायचा नाही, हा दिग्दर्शिका बाईंचा नियम होता. हाताशी चार दिवस होते, आणि संगीतसुद्धा त्या चुकीच्या लग्नावर बसवून झालं होतं.

"मी रविवारी निघतोय. आठ महिने, बेटांवर," तो खाली उतरत म्हणाला. "तोवर रोज येतो. एसीही बघता येईल."

आणि खरंच तो रोज सकाळी दहाच्या ठोक्याला येऊ लागला. ढोल दुसऱ्या दारानंतर वाजतो, बायकांचं गाणं म्हणजे नवऱ्या मुलाची यथेच्छ टिंगल आहे, असं एकेक तो सांगे आणि ती जोडत जाई. दुसऱ्या दिवशी 'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. तिचे प्रश्न काही संपत नव्हते. तिथल्या बायका पाणी डाव्या हातानेच का भरतात? म्हातारे उंबऱ्यावर का बसतात? तो उत्तरं देऊन देऊन थकला.

"हे काही बरोबर नाही," एका दुपारी तो म्हणाला. "तू माझी धाप ऐकलीस, शिंका ऐकल्यास. मला तुझं काहीच माहीत नाही. आता मी विचारणार." त्याने वही काढली. "या जमातीत कामाला बसण्यापूर्वी चपला का काढतात?"

"कुठल्या जमातीत?"

"तुझ्या. लोकसंख्या एक."

ती खुदकन हसली. "पाय मोकळे असले की हात चालतात."

"केसांत पेन्सिल खोचण्यामागे काही श्रद्धा?"

"टेबलावर ठेवली की हरवते."

"आणि मधेच गाल लाल होतात... ते कुठल्या ऋतूत?"

"तू... तू काम कर बघू!"

"माहिती देणारी व्यक्ती चिडली," तो मोठ्याने म्हणत लिहू लागला.

ती प्रेमात पडली होती. आता स्वतःपाशी नाकबूल करण्यात अर्थ नव्हता. पण एक गोष्ट मनात सलत होती. माग चालवणाऱ्या बाईकडे, जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्याकडे तो असाच, अगदी जीव लावून बघायचा. ते सगळं तिने पडद्यावर पाहिलंच होतं. शुक्रवारी तिने विचारलं.

"जिथे जिथे राहून आलास... तिथे परत कधी गेलास?"

"नाही."

"एकदाही?"

"पुढचं गाव असतंच ना गं. 'येईन की' असं सांगून निघतो. सांगताना ते खरंच वाटत असतं."

तिने मान डोलावली आणि पडद्याकडे वळली. आपणही त्यातलंच एक गाव, असं तिच्या मनात आलं आणि तिला फार वाईट वाटलं.

शनिवारी आजी पहिल्या रांगेत बसल्या. नवरीने पहिलं दार लावलं तसा त्यांनी गुडघ्यावर हात मारला. कोंबडी दिसली तेव्हा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, कारण कोंबडी त्यांचीच होती. शेवटी त्या बराच वेळ बोलल्या आणि मास्तरांनी सांगितलं, "आजी म्हणतात, बरोबर आहे. आमची पोर आमचीच दिसते."

तिच्या जिवात जीव आला. तेवढ्यात आजींनी कॅमेरावाल्याची हनुवटी धरून काहीतरी विचारलं.

"परत कधी येणार, विचारतायत," मास्तर म्हणाले.

"येईन की, आजी."

मास्तर अडखळले. "त्या म्हणतात... निघतानाही हेच म्हणाला होतास. तुझी काठी अजून दाराशी ठेवलीय."

त्याने मान खाली घातली. ती सगळं बघत होती. बाहेरच्या बोळात तिने त्याला गाठलं.

"ऐक. मला तू आवडतोस. तू खोलीत पाऊल टाकायच्या आधीपासून आवडतोस, आता काय लपवायचं! पण मला 'येईन की' असं म्हणू नकोस. त्यापेक्षा काहीच म्हणू नकोस."

"मलाही तू..." तो थांबला. "पण परत कसं जातात, तेच मला ठाऊक नाही. पहिल्यांदा जातो तो कॅमेरा घेऊन. दुसऱ्यांदा... मी कोण म्हणून जायचं? दार उघडणाऱ्याने तसं विचारलं तर?"

"ते तुझं तू ठरव," ती म्हणाली. तो खरंच काही बोलला नाही, आणि रविवारी निघून गेला.

"तो गेला म्हणून रडतेस, की काही बोलला नाही म्हणून?" वहिनीने विचारलं.

"मीच त्याला बोलू नको म्हटलं, वहिनी."

"वा! म्हणजे आपणच कापायचं आणि आपणच रडत बसायचं," वहिनी म्हणाली आणि तिला जवळ घेतलं.

दहा आठवडे गेले. बेटांवरचं चित्रीकरण दर सोमवारी येत होतं, चिठ्ठी एकदाही आली नाही. मग एका बुधवारी, भर दुपारी, तिने कानांवरचे हेडफोन काढले तर समोर तो उभा होता. उन्हाने रापलेला, नाकाचं साल निघालेलं, हात रिकामे.

"तू? शूटिंग संपलं?"

"छे. बोट बदलायची होती. मधे चार दिवस मोकळे मिळाले."

"अरे, पण तिथून यायलाच दोन दिवस लागतात!"

"हो. जायलाही तेवढेच."

तिने मनात हिशेब केला, तो काही जुळेना. "मग इथे तू किती वेळ आहेस?"

त्याने घड्याळ पाहिलं. "सव्वा तास होता. बस उशिरा आली, त्यात वीस मिनिटं गेली."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. "वेडा आहेस का? पंचावन्न मिनिटांसाठी काय करायला आलास?"

"परत यायला," तो म्हणाला. "कॅमेरा मुद्दाम आणला नाही. आता मी कोण म्हणून आलो... ते मात्र तूच सांग."

"बस आधी. चहा टाकते."

"नको ना. त्यात दहा मिनिटं जातील."

तिने त्याचा हात धरला, तो तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने फोन लावला.

"वहिनी, असशील तशी इकडे निघून ये. दादालाही घेऊन ये, पटकन! तुम्हाला एकाला भेटवायचंय."

"अगं, पण कुणाला?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो श्वास रोखून ऐकत होता.

"माझ्या माणसाला," ती म्हणाली.