जांभळा ठिपका

फोन बाजूला ठेवा, मग सांगतो. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

माझ्या चांगल्या माहितीतल्या दोन भावांचं हे आहे. मी दवाखान्यात मलमपट्टी करायचो, तेव्हा शेजारीच त्यांचं दुकान होतं. कॉफीची मशीनं विकायची, दुरुस्त करायची. थोरला गिऱ्हाईक सांभाळायचा, धाकटा पान्हे. दादा म्हणेल ती पूर्व दिशा, असा धाकट्याचा कारभार.

त्या धंद्यात एक पद्धत आहे. वाफेचा जोर वाढला की उघडणारा एक व्हॉल्व्ह मशीनच्या मागे असतो. तो तपासला की मेकॅनिक स्क्रूवर आपल्या रंगाचा ठिपका लावतो. म्हणजे, काही झालं तर जबाबदार मी. धाकट्याचा ठिपका जांभळा, बायकोच्या नेलपॉलिशचा. ती बिचारी घरभर बाटली शोधायची आणि हा खिशात घालून फिरायचा.

अकरा जानेवारी, गुरुवार. थोरला म्हणाला, चाळीस किलोमीटरवर एका लहान गावात कॉफीचं दुकान बंद पडलंय, मालक गाव सोडून गेलाय, आपलं मशीन उचलून आण. किल्लीही दिली. धाकटा पोचला तेव्हा संध्याकाळचे सव्वासात झाले होते.

दुकानात दिवा होता.

आणि काय दुकान म्हणून सांगू! चारच टेबलं, एकाही खुर्चीला दुसरीचा जोड नाही. खिडकीत हाताळून मऊ झालेली पुस्तकं. भिंतीवर गिऱ्हाइकांच्या मुलांनी काढलेली चित्रं. असं दुकान बंद कशाला पडावं, असं त्याला वाटलं. काउंटरमागे ॲप्रन घातलेला माणूस पाठमोरा उभा होता; मालक परत आला असेल, असं धाकट्याला वाटलं. बसा म्हणाला. कॉफी आली. तशी कॉफी जन्मात प्यायलो नाही, असं धाकटा मला चारदा तरी म्हणाला असेल.

गप्पा निघाल्या. मालक म्हणाला, इथलं सगळं माझ्या हातानं मांडलंय, मशीन तेवढं तुमच्या भरवशावर घेतलं. बोलताना त्यानं एकदाही तोंड वळवलं नाही. असतो एखाद्याचा स्वभाव, म्हणून धाकट्यानं मनावर घेतलं नाही.

कप ठेवून तो मशीनच्या मागे गेला.

पत्रा फाटलेला. आतली टाकी उकललेली. वायर कापून गुंडाळून ठेवलेली.

मग कॉफी कशावर केली...

त्यानं बॅटरी मारली. व्हॉल्व्ह गंजून घट्ट बसला होता. स्क्रूवर जांभळा ठिपका.

"हे मशीन मी... कधी पाहिलंसुद्धा नाही."

"माहीत आहे."

"मग हा ठिपका..."

मालक हळूहळू वळला. अर्ध्या तोंडावर कातडी नव्हती.

"घरी विचार."

दिवा गेला.

शेजारच्या शिंप्याला धाकटा पायरीवर बसलेला सापडला. शिंप्यानं पाणी पाजलं. मशीन फुटून मालक भाजला आणि गेला, त्याला तीन आठवडे झाले, हेही त्यानंच सांगितलं.

धाकटा घरी आला तेव्हा थोरला जेवत होता.

"दादा, तो ठिपका कोणी लावला?"

थोरल्यानं घास खाली ठेवला.

"घाईची ऑर्डर होती रे. तू दुसरीकडे गुंतलेला. तुझा ठिपका दिसला की कोणी जास्त विचारत नाही."

धाकटा मला म्हणाला, काका, त्या तोंडाला मी घाबरलो नाही तेवढा या वाक्याला घाबरलो. ज्याला बापाच्या जागी मानलं, त्यानं माझ्या नावावर माणूस मारला. आणि ते मशीन नाहीसं करायलाही मलाच पाठवलं. सांगताना ढसाढसा रडला हो. त्याच रात्री बायकोला घेऊन तो त्या घरातून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला दवाखान्यात आला. खांदा भाजला होता. चार बोटं, अंगठा, तळवा... अख्खा पंजा उमटलेला. म्हणाला, शेगडीला टेकलो. मलम लावलं, पट्टी बांधली.

तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली...

आतून वाफ आली.