जूनीसाठी टाकलेला कोट

शपथ घेऊन सांगतो, असं मी म्हणणार नाही. या प्रकरणात एकदा खोटी शपथ घेऊन झालीय, तेवढी पुरे.

पण घडलं ते असंच घडलं. खोटं वाटलं तर वाटू द्या, मला काय फरक पडतोय!

मी हॉलिस. नॉर्थ कॅरोलिनाच्या पूर्वेला, दलदलीच्या कडेला आमचं घर. मागे सरकारी शिकारीचं रान. परवाना काढावा आणि कोणीही हरणामागे जावं. सोमवार, बुधवार, शनिवार कुत्रेवाल्यांचे, म्हणजे कुत्री सोडून हरीण उठवणाऱ्यांचे. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार आम्हा बाणवाल्यांचे.

कागदावर छान वाटतं हो! आम्ही धनुष्य घेऊन मचाणावर सहा सहा तास मुतायलाही उतरत नाही. आणि आदल्या दिवशी यांच्या वीस कुत्र्यांनी सगळं रान उधळून लावलेलं असतं. हरीण दिसतंय, डोंबल!

माझा धाकटा भाऊ क्लेटन तर कुत्र्याचं नाव काढलं तरी भडकायचा.

आता कुत्रेवाल्यांची एक रीत सांगतो. संध्याकाळी एखादं कुत्रं परत आलं नाही, तर जिथून सोडलं तिथेच अंगातला कोट काढून जमिनीवर पसरायचा आणि घरी जायचं. कुत्रं कधीतरी येतं, मालकाचा वास ओळखतं आणि कोटावर अंगाचं मुटकुळं करून पडतं. सकाळी मालक येईपर्यंत तिथून हलत नाही.

त्या कोटाला कोणी हात लावत नाही. बाणवालेसुद्धा.

नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार होता. नुकतं फटफटत होतं. कालव्याच्या पुलाशी आम्ही गाडी लावली.

वाटेतच कोट पसरलेला...

त्यावर जूनी.

जूनी म्हणजे ओबेड म्हाताऱ्याची कुत्री. नऊ वर्षांची, लांब कानांची, तोंड पांढरं पडलेलं. आम्हाला बघून तिनं शेपटी हलवली. उठली नाही.

"आज कोणाचा वार आहे गं, म्हातारे?" क्लेटन तिला म्हणाला. "काल धुमाकूळ घातलात ना? मग आज इथे काय करतेस?"

"सोड रे. ओबेड येईलच इतक्यात."

"येऊ दे की. बसू दे शोधत. सकाळ वाया जाते म्हणजे काय, कळू दे त्यालाही."

त्यानं तिच्या अंगाखालचा कोट खसकन ओढला आणि कालव्यात भिरकावला.

मी हसलो. तेही सांगून टाकतो. मी हसलो.

कोट पाण्यावर पसरला... जूनी काठापर्यंत गेली... आणि तिनं उडी मारली.

तिला कोटावर पडायचं होतं. एवढंच.

कालव्याचे काठ भिंतीसारखे उभे आहेत. आत पडलेलं जनावर वर येत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कोट बुडत होता. ती त्यावर चढायला बघत होती आणि पुन्हा पाण्यात जात होती. तिच्या पट्ट्यावरची पितळी पट्टी कडीवर वाजत होती.

टिण... टिण... टिण...

"कुत्र्यांना पोहता येतं," क्लेटन म्हणाला.

"हो," मी म्हणालो.

आणि आम्ही मचाणांकडे चालू लागलो. आवाज बराच वेळ येत होता.

मग थांबला.

दुपारी परतलो तर ओबेड पुलावर उभा. एवढ्या थंडीत नुसता स्वेटर अंगात.

"पोरांनो, माझा कोट बघितलात का रे? इथेच टाकला होता. जूनी काल परत आली नाही."

"कोटबिट काही नव्हतं इथे," क्लेटन म्हणाला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही पठ्ठ्याच्या.

म्हातारा माझ्याकडे वळला. "हॉलिस, तू चर्चला येणारा माणूस. तू सांग, बाळा."

"देवाशपथ, नाही बघितला."

त्यानं मान हलवली. अंगातला स्वेटर काढला, जमिनीवर पसरला, बाह्या हातानं सरळ केल्या. आम्ही गाडी काढली. आरशात तो स्वेटरशेजारी बसताना दिसला.

त्या रात्री बादलीतलं पाणी गोठलं. शुक्रवारी सकाळी ओबेड तिथेच बसलेला सापडला. शर्टही काढून पसरला होता.

आम्ही मयताला गेलो. त्याच्या बायकोच्या, मिस ओराच्या (म्हाताऱ्या बायकांना आमच्याकडे मिसच म्हणतात) घरी चिकन आणि बटाट्याचं सॅलड खाऊन आलो. क्लेटननं दोनदा घेतलं.

पुढचा गुरुवार. धुकं असं की हातभर पुढचं दिसेना. क्लेटन त्याच्या मचाणावर, मी दोनशे पावलांवर माझ्या.

रान अगदी गप्प होतं. पाखरू नाही, खार नाही...

फोन थरथरला. क्लेटनचा मेसेज.

"तुझा कोट इथे खाली टाकलास का?"

"कुठे?" मी लिहिलं.

"माझ्या मचाणाखाली. ओला आहे. बाह्या सरळ केल्यात."

तेवढ्यात धुक्यातून आवाज आला...

टिण... टिण...

"क्लेटन, उतरू नकोस. मी येतो," मी लिहिलं.

मग त्याचा मेसेज आला.

"उतरावंसं वाटतंय."

मी धडपडत खाली उतरलो. पळता पळता शेवटचा मेसेज वाचला.

"यावर थंडी वाजणार नाही."

मचाण रिकामं होतं. धनुष्य खुंटीला. कमरेचा सुरक्षेचा पट्टा लोंबकळत होता, त्याची बकलं बंद होती.

खाली कोट नव्हता. पानं फक्त ओली होती... आणि दबलेली.

तीन दिवस शोध चालला. शनिवार कुत्रेवाल्यांचा, पण एकानंही कुत्रं हरणामागे सोडलं नाही. सगळी कुत्री क्लेटनसाठी आणली त्यांनी. ती सरळ कालव्याकडे धावली आणि काठावर रांगेनं बसली. एकही भुंकलं नाही.

मग पाणबुडे उतरले.

तळाला ओबेडचा कोट सापडला. त्यावर जूनी, मुटकुळं करून झोपलेली. गळ्यात पट्टा.

क्लेटन नव्हता.

मिस ओरा पुलावर आली होती. तिनं कोट बघितला. मग मला बघितलं. तिला सगळं कळलं.

"ओबेडनं मला त्या दिवशी फोन केला होता," ती म्हणाली. "म्हटलं, घरी या, मरायचंय का? तर म्हणे, हॉलिसनं देवाची शपथ घेतली, तो खोटं बोलणार नाही. जूनी अजून आलीच नसेल. इथला कोट कोणीतरी उचलून नेतंय, तर मीच बसतो वासाला."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज नुसता थंड होता.

"मी आता काय करू, मिस ओरा?"

"भावाचा कोट टाक," ती म्हणाली. "आणि घरी जा."

टाकला. सकाळी गेलो.

कोटावर खोलगट दाब पडला होता. माणसाएवढा. गुडघे पोटाशी घेऊन झोपल्यासारखा.

मी हात ठेवला...

गरम होता.

तिथून कालव्यापर्यंत चिखलात ठसे होते. तळहातांचे आणि गुडघ्यांचे. पाऊल एकही नाही.

तेव्हापासून दर बुधवारी मी कोट टाकतो. दर गुरुवारी तो तसाच गरम असतो. एकदा गाडीत बसून राहिलो. कोणी आलं नाही. कॉफी आणायला घरी जाऊन आलो, तेवढ्यात येऊन गेला होता. भावाला नुसतं एकदा बघायचंय हो मला. माफीही मागायची नाही. बघायचंय.

गेल्या गुरुवारी मात्र तिथे दोन कोट होते.

दुसरा, क्लेटनच्या कोटाशेजारी, नीट पसरलेला. बाह्या सरळ केलेल्या.

माझा होता. आदल्या संध्याकाळी तो माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेला होता, मी स्वतः टांगला होता.

मी तो उचलला नाही. त्या कोटाला हात लावत नाहीत.

हरवलेल्यासाठी टाकतात तो. मी तर घरीच आहे. दारं लावून, शेगडीशी बसून हे सांगतोय.

पण गारठा जात नाही अंगातला. आणि सकाळपासून सारखं वाटतंय... त्यावर थंडी वाजणार नाही.