विरजणाचा दगड

ती गेली होती सोफा बघायला. तिच्या दवाखान्यातल्या सोफ्याची स्प्रिंग वर आली होती, आणि आधीच धास्तावून बसलेल्या पेशंटला खालूनही टोचायला लागलं तर तो पळून जाणार, हे दातांच्या डॉक्टरला कुणी सांगायला नको. जाहिरातीतला सोफा बरा दिसत होता. दार उघडलं ते एका उंच माणसाने. त्याची बाही खांद्यापर्यंत वर गुंडाळलेली होती आणि कोपरावरून पाणी टपकत होतं.

"सोफा सकाळीच गेला," तो ओशाळून म्हणाला. "तुम्हाला फोन करायला हवा होता मी... पण हात ओले होते."

"सकाळपासून?"

"सकाळपासून," म्हणून तो हसला, पण अर्ध्याच तोंडाने. डावी बाजू त्याने मिटूनच ठेवली. वरची डावी दाढ, तिने मनात नोंद केली. सवयीला काय करणार.

खोली रिकामी होत आली होती. मध्ये लोखंडी स्टँडवर माणूसभर लांबीची काचेची टाकी होती, समुद्राच्या खाऱ्या पाण्याची. पाणी निम्म्यावर आलेलं, तळाशी जांभळ्या पुटांनी माखलेले दगड. शेजारी टॉवेल टाकलेली एक बादली. टाकी त्याच्या वडिलांची. त्यांच्या गुडघ्यांनी जिन्याशी कायमचं वैर धरलं, म्हणून ते त्याच्या ताईकडे तळमजल्यावर राहायला गेले होते, आणि हे घर महिनाअखेरीस सोडायचं होतं.

"टाकी मागणारे बरेच आले," तो म्हणाला. "सगळ्यांना ती रिकामी हवी. मासे नकोत कुणाला."

तिने टॉवेल बाजूला केला. पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे झर्रकन वर आले आणि तिच्याकडे बघत राहिले. दवाखाना उघडल्यापासून तिच्याकडे असं आपणहून कुणी आलं नव्हतं. सोफ्यासाठी आणलेले पैसे तिने टाकीवर घातले, आणि ध्यानीमनी नसताना ती दोन जिवांची धनीण झाली.

ठरलं असं की टाकी आणि दगड आधी दवाखान्यात जातील, ती सगळं नीट लावेल, आणि तोवर माशांची जोडी त्याच्या खोलीत एका प्लॅस्टिकच्या टबात राहील. तो पोहायला शिकवायचा. घरी टब, पंप, हीटर अशी सोय होती. मनातल्या मनात तिने त्याचं नाव ठेवलं बादलीवाला.

एखादं काम हातात घेतलं की ते ती जिवापाड करायची. टाकीच्या कोपऱ्यांतलं जुनं, पिवळं पडलेलं सिलिकॉन तिने ब्लेडने खरवडून काढलं आणि नवं भरलं. फट भरण्यात तिचा हात कोण धरणार? पाणी भरून, खाली वर्तमानपत्रं पसरून ठेवली. कागद कोरडे राहिले. जुन्या ट्यूब काढून नवे निळे-पांढरे दिवे बसवले, लाटा उठवणारा नवा पंप आणला. मग तिची नजर दगडांकडे गेली.

कडक वस्तूवर पुटं साचलेली दिसली की दातांच्या डॉक्टरचा हात थांबत नाही. तिने जुनी हत्यारं काढली आणि सुट्टीचा अख्खा दिवस एकेका दगडावरची जांभळी पुटं खरवडली, खाचाखोचांतून ब्रश फिरवला, आणि शेवटी सगळे दगड जंतुनाशकात बुडवून ठेवले. धुऊन मांडले तेव्हा ते नुकत्याच आलेल्या दातांसारखे पांढरेशुभ्र दिसत होते. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

बादलीवाला बघायला आला. दारातच त्याने हवा हुंगली. "हा क्लोरीनचा वास माझ्या ओळखीचा आहे," तो म्हणाला, मग त्याने टाकीकडे पाहिलं आणि जाऊन थेट स्प्रिंगवाल्या सोफ्यावर बसला. टोचलेलंही त्याला कळलं नसावं.

"हे... कुणी केलं?"

"मीच. केवढं किटण होतं."

"किटण नव्हतं ते, डॉक्टर. जिवंत होतं. बाबांची कित्येक वर्षं गेली ते जांभळं यायला."

मग त्याने सावकाश सांगितलं, तिला टोचणार नाही असं. दगडांच्या भोकांत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, माशांची घाण तेच खाऊन टाकतात. ते नसले तर पाणी विषारी होतं. टब काही फार दिवस पुरायचा नाही, आणि या टाकीत आज मासे सोडले तर ते मरणार.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "माझ्यामुळे तुमच्या बाबांचे मासे..." एवढंच तिला बोलता आलं.

"अशी सफाई आमच्या तलावाची कधी झाली नाही, खरं सांगतो," तो म्हणाला. तिची समजूत काढण्यासाठीच म्हणाला हे तिला कळलं, आणि तिला एकदम रडू आवरेनासं झालं. ओरडणारा माणूस परवडतो, असा चांगला माणूस नाही परवडत.

त्याने वडिलांना फोन लावला. झालं ते सगळं सांगून तो स्पीकरवर ठेवला. मग म्हाताऱ्याचा आवाज आला, "जोडीला परकं वाटू नये म्हणून टबात एक दगड ठेवायला सांगितलं होतं मी. ठेवलायस?"

"ठेवलाय, बाबा. बटणांसारखी पोवळी आहेत तोच."

"मग झालं तर. विरजण शिल्लक आहे. अर्धा फोडून टाकीत टाका. आणि त्या डॉक्टरीणबाईंना सांग, दही लागेपर्यंत सारखं बोट घालून बघायचं नाही."

दगड तिनेच फोडला. त्याने तो ओल्या फडक्यात दोन्ही हातांनी धरला, तिने छिन्नी टेकवून हलकेच हातोडी मारली. त्याच्या बोटांना लागेल म्हणून ती इतकी जपत होती की दगड काही केल्या फुटेना.

"जोरात मारा. बोटं आहेत, दात नाहीत," तो म्हणाला.

दगड फुटला. त्यावरची इवलीशी पोवळी भिऊन मिटून गेली. अर्धा दगड टाकीत गेला आणि अर्धा पुन्हा टबात, जोडीजवळ.

मग तो रोज सकाळी यायला लागला. तलावावरची पहिली तुकडी आटोपून, ओल्या केसांनी, टबातल्या पाण्याची बादली घेऊन. माशांचं ते उष्टं पाणी टाकीत ओतायचं, म्हणजे नव्या जिवांना खायला मिळतं. मग छोट्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि खिडकीच्या उजेडात धरून रंग बघायचा. हिरवा आला तर पाण्यात विष, पिवळा आला तर मासे सोडायला हरकत नाही. नळी बोटाएवढी, त्यामुळे दोघांना ती एकदम बघायची तर डोकी जवळ आणावी लागायची. काउंटरवरच्या मावशी चष्म्याच्या वरून बघत म्हणायच्या, "एवढ्याशा नळीला दोन-दोन माणसं लागतात होय?"

"दाढ कशी आहे?" ती विचारायची.

"कुठली दाढ?"

"जिच्यामुळे तुम्ही अर्धंच हसता ती."

"ती मजेत आहे. तुमची आठवण काढत नाही."

"या ना एकदा. खुर्ची चावत नाही."

"मी खोल पाण्यात डोळे मिटून उडी मारतो, डॉक्टर. पण त्या खुर्चीत... नाही. लहानपणी तीन माणसांनी धरून बसवलं होतं मला."

एकदा चहा पिताना तिच्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडे हौसेने कुणी येतच नाही. येतात ते दुखतं म्हणून, आणि जाताना मागे वळून बघत नाहीत."

"मी येतो की."

"तुम्ही माशांसाठी येता."

रिकामा कप त्याने नको इतक्या काळजीने खाली ठेवला.

हिरवा रंग दिवसेंदिवस फिका होत चालला. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि व्हायचाही... पण मागोमाग काळजात कळ यायची. नळी पिवळी झाली की मासे येणार, आणि मासे आले की बादली बंद. बादलीशिवाय तो माणूस इथे कशाला फिरकेल?

एका सकाळी त्याला उशीर झाला आणि तिने एकटीनेच पाणी तपासलं. पिवळं. तिने पुन्हा तपासलं, पुन्हा पिवळं. त्याची पावलं जिन्यावर वाजली. नळी बेसिनमध्ये ओतायला एक क्षण पुरला असता. 'अजून थोडं हिरवं आहे' म्हटलं असतं तर त्याने विश्वास ठेवला असता. पण टबात गोल गोल फिरणारी ती जोडी तिच्या डोळ्यांपुढे आली. एकदा चूक झाली ती न कळून, आता कळून करायची नाही.

तिने नळी त्याच्या हातात दिली. "पिवळं आलंय."

त्याने ती उजेडात धरली, बराच वेळ धरली. "पिवळंच आहे," तो म्हणाला, आणि ही आनंदाची बातमी दोघांनीही तोंड पाडून ऐकली.

मासे आले तेव्हा वडीलही आले, त्या दिवसापुरतं जिन्याशी वैर विसरून, ताईचा हात धरून, काठी टेकत. जोडीने टाकीभर एक फेरी मारली आणि थेट आपल्या अर्ध्या दगडापाशी जाऊन स्थिरावली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. म्हातारबाबांनी पांढरे दगड पाहिले, मिशीत हसले, आणि मग काठीने नव्या पंपाची कडा दाखवली. तिथे टाचणीच्या डोक्याएवढा जांभळा ठिपका होता.

"लागलं विरजण," ते म्हणाले. "बाळ, टाकी विकली तेव्हा मला घरचं माणूस परक्याच्या हवाली केल्यासारखं वाटलं होतं. तुझी चूक झाली, पण ती तू निस्तरलीस. फार उपकार झाले."

"उपकार तुमचे आहेत, बाबा," ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. रडत येणारी पोरं आता आईचं बोट सोडून काचेला नाक लावत होती. दवाखान्यात हसण्याचा आवाज यायला लागला होता. त्या दिवशी सोफा आधीच विकला गेला, यासाठी ती त्या अनोळखी गिऱ्हाइकाचेही आभार मानायला तयार होती.

मग सकाळी येणारी पावलं थांबली. ती मात्र लवकरच यायची, सवयीने दोन कप मांडायची आणि एक परत ठेवायची. मावशी बघायच्या, पण चेष्टा करायच्या नाहीत, आणि तेच जास्त लागायचं.

"पेशंट आहे," एके दिवशी मावशी आत येऊन म्हणाल्या. "घाबरलाय बिचारा. पण धरून आणलेला नाही, आपल्या पायांनी आलाय."

तो खुर्चीत बसला. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे आवळून, कपाळावर घाम.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग... मासे बघायचे होते?"

"मासे बाहेर दिसले. ते छान आहेत." त्याने दांडे आणखी घट्ट धरले. "दुखत नाही, आणि माशांसाठीही नाही आलो. हौसेने कुणी येत नाही म्हणाला होतात ना तुम्ही. कालही येणार होतो, खालूनच परत गेलो... आज चढलो."

आयुष्यात इतकी माणसं या खुर्चीत बसली, पण तिच्यासाठी कुणी बसलं नव्हतं.

"आलोच आहे तर दाढही बघा," तो पुटपुटला.

तिने बघितली. हिरडी बधिर केली, तोंडात कापूस ठेवला. "दुखलं तर डावा हात वर करायचा," तिने रोजचं वाक्य म्हटलं. "बोलायचं नाही." मग मशीन सुरू करता करता ती थांबली. समोरच्याला बोलताच येणार नाही, ही एवढी सोय पुन्हा कधी मिळणार?

"मीच बोलते," ती हळूच म्हणाली. "त्या दिवशी नळी पिवळी झाली ना, तेव्हा मला हिरवी सांगावीशी वाटली होती. खोटं बोलायचं होतं मला. कारण मासे आले की तू यायचा थांबणार होतास... आणि मला तू हवा आहेस. रोज. बादली नसली तरी."

त्याचा डावा हात वर झाला.

"दुखलं?" ती दचकली.

त्याने मान हलवली. नाही. हात मात्र तसाच वर राहिला, पंजा तिच्याकडे उघडा. तिने मशीन बाजूला ठेवलं, हातमोजा काढला आणि आपला हात त्याच्या हातात दिला.

बाहेर मावशी पुढच्या पेशंटला सांगत होत्या, "जरा वेळ लागेल हो. तोवर मासे बघत बसा."