बाजू ऐकल्याशिवाय

गोल बाजारात फुटपाथवर बसणाऱ्या शांताबाईच्या बांगड्या पाहायला भावना पुढे झाली, आणि तिची चप्पल नेमकी कुणाच्या तरी मोजपट्टीवर पडली.

"मॅडम... पैर," पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला.

"कोणाच्या परवानगीनं फुटपाथ मोजून राहिले तुमी?"

"सरकार की," तो हसला. आणि खोटं कशाला बोला, त्या हसण्यावर रागावणं तिला जमलं नाही.

तो यशदीप मेश्राम, मंत्रालयातला तरुण अधिकारी. हिंदी मुलखातलं हे राज्य नवंकोरं, रोज एक नवा नियम शिजत होता. फेरीवाल्यांच्या नियमाचा मसुदा याच्या हातचा. भावना रामटेके कायदा शिकवायची. पण तिचा खरा धाक वर्गाबाहेर. तिनं लेखात एखाद्या कलमावर बोट ठेवलं की मंत्रालयातली फाईल मुकाट्यानं परत फिरायची.

या मसुद्यातलं एक कलम तिला खुपत होतं. फेरीवाल्याला काहीही न विचारता केव्हाही उठवता येणार होतं. शांताबाईचं सगळं आयुष्य त्या हातभर जागेवर गेलेलं!

मग बुढा तलावाकाठी भेटी होऊ लागल्या, वाद घालायच्या निमित्तानं. चहा गार व्हायचा, वाद नाही. ती मराठीत भांडायची, तो हिंदीत उत्तर द्यायचा.

"घरी आई मराठी बोलते नं? मंग तुमी काहून नाही बोलत?"

"टूटी-फूटी है... आप हँसोगी।"

"हासीन. मंग?"

तो कानापर्यंत लाजला. भावना त्याच्यावर भाळली ती तिथेच.

मसुद्यावरच्या जनसुनावणीच्या आदल्या संध्याकाळी मात्र त्यानं थेट विचारलं.

"कल सबके सामने मेरा ही मसौदा फाड़ोगी?"

"एक शब्द कमी करणार नाही. तुमी रुसले तरी."

"रूठने का हक़ भी नहीं?"

"हाये नं. पण शांताबाईची जागा तुमच्या रुसण्याहून मोठी हाये."

 हा कायमचा उठून गेला तर? गेला तर गेला. शब्द तिनं मागे घेतला नाही.

सभागृह खचाखच भरलं होतं. भावना उभी राहिली. "कोर्ट चोर से भी पूछता है, भाई, तेरा क्या कहना है? चूड़ी बेचने वाली से क्यों न पूछें?"

टाळ्या पडल्या. सुनावणी घेणाऱ्या सचिवांच्या कपाळाला आठ्या. "मेश्राम, मसौदा आपका है। जवाब दीजिए।"

यशदीप उठला. हातातले कागद त्यानं बाजूला ठेवले. "सर, मैडम सही हैं। ग़लती मेरी है। बिना सुने किसी को न हटाया जाए, यह जोड़ दीजिए।"

सचिवांनी मसुदा उघडून ते कलम पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "जोड़िए।"

बाहेर पायऱ्यांवर तो तिची वाट पाहत होता.

"मले... मले तुमी आवडता. लय दिवसापासून."

पहिल्यांदाच मराठी! भावना हसली नाही. तासन्‌तास भाषण ठोकणाऱ्या बाईला एक शब्द सुचेना. त्यानं तो नकार समजला आणि मान खाली घालून तो स्कूटरकडे वळला.

"ओ मेश्राम!" धावत जाऊन तिनं हँडल धरलं. "आत्ताच कबूल केलं नं, बाजू ऐकल्याशिवाय कोणाले हाकलायचं नाही? मंग माही बाजू कोण ऐकीन?"

"तो... सुनाइए ना।"

"आधी मराठीत विचारा."

त्यानं आवंढा गिळला. "माह्यासंग... लगन करता का?"

"हव," भावना म्हणाली, आणि मागच्या सीटवर बसली.