तोंडात धरलेली चावी

एक होता चावीवाला, एक होती त्याची थोरली बहीण, एक होते तिचे मालक म्हणजे चावीवाल्याचे दाजी, आणि या तिघांच्या दारात एक जुना ट्रक. दिवा बारीक करा नि जवळ सरका. हे कुणी रचलेलं नाही. आमच्या भाऊजींची नि त्या चावीवाल्याची जन्माची दोस्ती. रात्रीची जेवणं उरकली की भाऊजी पोरांना घेऊन बसायचे आणि चावीवाल्याने सांगितलं तसंच सांगायचे, पदरचं काही न घालता.

चावीवाल्याची टपरी रस्त्याच्या वळणावर होती. माणूस हातचा कसबी, पण त्याला किळस फार. आणि धंदा तर असा, की कुणी कमरेची घामट चावी पुढे करणार, कुणी कान खाजवलेली. हा ती चिमट्याने उचलायचा, रॉकेलमध्ये बुडवायचा, फडक्याने पुसायचा, मगच बोट लावायचा. ताई म्हणायची, "लहानपणी माझ्या पेल्यातलं पाणी प्यायला नाहीस. बायको आली की तिलाही रॉकेलमध्ये बुडवशील!"

दाजींनी एका दलालाकडून ट्रक घेतला होता. गाडी जुनी, पण इंजिन दणकट. बरोबर चावी मात्र एकच मिळाली, तीही डोकं फुटलेली, काळी टेप गुंडाळलेली. दाजींना पिठाच्या कारखान्याचं काम लागलं होतं. पहाटे पाचला गाडी फाटकावर हवी, पोती भरायची, ताडपत्री आवळायची आणि उजाडायच्या आत बेकऱ्यांना माल पोचवायचा. मॅनेजरने सांगितलं होतं, "महिनाभर बघतो. एक दिवस जरी गाडी उशिरा आली तर दुसरा माणूस तयार आहे. नाही चुकली, तर काम कायमचं तुमचं." दाजींनी त्याआधी तीन ठिकाणी लोकांच्या गाड्या चालवल्या होत्या आणि तिन्हीकडून बाहेर पडले होते. हे काम गेलं तर ट्रकही विकावा लागणार, हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

आणि पहिल्याच आठवड्यात, ऐन संध्याकाळी, चावी स्विचमध्ये मोडली.

आता अशा गाडीची चावी नुसती कापून भागत नाही. चावीच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. गाडी ती चिप ओळखते तेव्हाच सुरू होते, नाहीतर सेल्फ नुसता फिरतो, इंजिन धरत नाही. नवी चिप गाडीला शिकवायची तर मशीन लागतं, आणि चावीवाल्याचं मशीन तेव्हा दुरुस्तीला गेलं होतं. पहाटे तर गाडी निघायलाच हवी. मग त्याने धंद्यातली एक पळवाट काढली. मोडक्या चावीतली जुनी चिप काढली, टेपने स्विचच्या मागे चिकटवून टाकली आणि चिपशिवायची साधी चावी कापून दिली. गाडीला वाटणार, ओळखीचा माणूस कायम दारातच उभा आहे. कुणीही साधी चावी फिरवावी, गाडी सुरू.

दाजी हसले. "म्हणजे कुलूप लावलं आणि किल्ली त्यालाच बांधून ठेवली म्हणा की!"

"मशीन आलं की नीट करून देतो दाजी. तोवर चालू द्या."

चालली. चारच दिवस धड चालली.

पाचव्या दिवशी दाजी टपरीवर आले आणि चावी फळीवर टाकली. "मेव्हणे, ही चावी ओली होते."

"दवाने होत असेल."

"खिडकीत खिळ्याला टांगतो मी. घरात. घरात दव पडतं का?"

चावीवाल्याने चिमट्याने चावी उचलली. चावीला चिकट तार सुटली. तार लांबली, फळीपर्यंत आली, तुटली नाही. चिमटा त्याच्या हातून सुटला. थुंकी होती ती. शिळी, पिवळट, घट्ट. आणि चावीच्या मानेवर बारीक खड्डे, वर दोन, खाली दोन. टपरीमागे जाऊन ओकून आला बिचारा.

संध्याकाळी ताई आली. हसणारी बाई, पण त्या दिवशी तोंड उतरलेलं. "तुझे दाजी झोपेत काहीतरी चघळतात रे. कडकड वाजतं. तोंड उघडून बघितलं तर आत काही नाही. आणि काल तर श्वासच अडकला. निळे पडले होते. पाठीत बुक्क्या मारल्या तेव्हा कुठे..." मग हळूच म्हणाली, "उठल्यावर मला म्हणाले, दोर ओढायचाय, जरा धर."

चावीवाला तडक गॅरेजातल्या मिस्त्रीकडे गेला. तो ट्रक त्याच्या हाताखालून बरेचदा गेला होता. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "आधीचा ड्रायव्हर चांगला माणूस. पण त्याला घाणेरडी खोड. ताडपत्री आवळताना दोन्ही हात दोराला, मग चावी कुठे ठेवणार? दातात धरायचा. दिवसभर चघळायचा पण. एकदा दोर सटकला, आणि हा वरून उताणा पडला. चावी घशात. मी धावलो, टोक दिसत होतं मला. बोटं घातली आत, पण दात मिटले त्याचे. माझ्या बोटांवरच मिटले." त्याने उजवा हात दाखवला. दोन बोटं वाकडी होती.

"आणि चावी?"

"ती त्याच्याबरोबरच मातीत गेली. म्हणून तर गाडीबरोबर एकच मिळाली तुम्हाला."

चावीवाल्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चिप आपण गाडीतच चिकटवून ठेवली. म्हणजे आता साधी चावीही चालते. गंजलेली, चिप गळून गेलेली... त्या मेलेल्याचीसुद्धा. दार आपणच उघडं ठेवलं.

मशीन त्याच दिवशी दुरुस्त होऊन आलं. मंगळवारची रात्र होती, अकरा वाजून गेलेले, गल्लीतली वीज गेलेली. थांबायची सोय नव्हती, कारण ताईने पुन्हा निरोप धाडला होता, दाजी आज बसल्या बसल्याच गुदमरतायत. त्याने दाजींना केबिनमध्ये शेजारच्या सीटवर बसवलं, म्हणजे डोळ्यांसमोर राहतील. स्विचमागची टेप ओढून काढली. जुनी चिप निघाली ती बुळबुळीत. त्याने ती रस्त्यावर टाकून टाचेखाली चिरडली. मग नवी चिपवाली चावी स्विचमध्ये घातली आणि मशीनची वायर स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खोचली.

जुनी ओळख पुसायची तर मशीन दहा मिनिटं थांबायला लावतं. चोराला घाई असते, म्हणून. तेवढा वेळ चावी फिरवलेली राहायला हवी. पण या गाडीचा स्विच झिजलेला, हात सोडला की चावी मागे यायची. सॉकेटही ढिलं, वायर दाबून धरावी लागायची. म्हणजे एक हात चावीला, एक हात वायरला.

"दाजी, झोपू नका."

"नाही हो." आणि लगेच मान कलली.

चावीचं चित्र असलेला लाल दिवा लुकलुकत होता. लागायचा... विझायचा.

आधी वास आला. तोंड न धुतलेल्या माणसाचा. दाढ किडल्याचा, शिळ्या थुंकीचा.

मग आवाज. कड... कड... लोखंडावर दात.

त्याने दाजींकडे पाहिलं. दाजींचं तोंड मिटलेलं होतं. हलत नव्हतं.

आवाज मागून येत होता. सीटमागच्या झोपायच्या फळीवरून.

त्याच्या मानेवर काहीतरी पडलं. कोमट. घट्ट. ते कॉलरच्या आत घरंगळलं, पाठीवरून खाली गेलं... पुसायला हात मोकळा नव्हता.

मशीनवर सहा मिनिटं बाकी.

"जरा..." कानाशी कुणी बोललं. तोंडात काहीतरी धरून बोलावं तसं. "जरा धर... दोर ओढतो..."

त्याने डोळे गच्च मिटले. ओठाला काहीतरी टेकलं. लोखंड. गरम. ओलं. त्यावर एक केस चिकटलेला होता, तो ओठाला लागला. त्याने दात आवळले. नाही. मेलो तरी नाही.

लोखंड ओठावरून दूर झालं.

आणि शेजारी दाजींच्या घशातून आवाज आला. घर्र... घर्र... पाय डॅशबोर्डवर आपटले. मेव्हणा नाही म्हणतो, तर दाजींना...

हात सोडला असता तर पुन्हा पहिल्यापासून दहा मिनिटं. तेवढा दाजींचा श्वास नव्हता.

चावीवाल्याने तोंड उघडलं.

"इकडे दे," तो म्हणाला. "मी धरतो."

आत आलं ते. जिभेवर टेकलं. गंज, पू, कुजकं मांस, आणि दुसऱ्या माणसाची थुंकी, तोंडभर. त्याने ते दातात धरलं. डोळ्यांतून पाणी. पोटातून उमासे. उमासा वर आला की गिळायचा... ते सगळं गिळायचं. दाजींची घरघर थांबली.

ट्रकमागे कुणीतरी दोर ओढत होतं. करकर... करकर... गाडी मागून दबत होती, वर येत होती.

तीन मिनिटं.

दोन.

...

मशीन वाजलं.

तोंड रिकामं होतं. नुसती चव उरली होती. मशीनवर अक्षरं आली, साठवलेल्या चाव्या शून्य. त्याने दोन नव्या चाव्या गाडीला शिकवल्या. साठवलेल्या चाव्या दोन. सेल्फ मारला, इंजिन धरलं. मग तो खाली उतरला आणि गटारापाशी पडला तो पहाटेपर्यंत तिथेच.

दाजींना काही आठवत नव्हतं. "काय मेव्हणे, रात्रभर गटारात कुणाची चावी शोधताय?" म्हणाले. पुढचे कैक महिने त्याच्या जिभेवरून ती चव गेली नाही. ताईने काहीही केलं तरी त्याला घास उतरत नसे.

ट्रक मात्र रोज वेळेवर जात राहिला. महिना संपायला एकच दिवस राहिला आणि दाजी तापाने फणफणले. रात्रभर बरळत होते. ताई कपाळावर पट्ट्या ठेवता ठेवता भिंतीला टेकून झोपली. डोळा उघडला तेव्हा खिडकीत ऊन आलं होतं. तिने कपाळ बडवून घेतलं. काम गेलं. दाजी उठून बसले आणि त्यांनी बाहेर पाहिलं. दारात ट्रक नव्हता.

चावीवाल्याला निरोप गेला. तो ताईला घेऊन धावत कारखान्यात पोचला. फाटकातून मॅनेजर हसत बाहेर आला. "वहिनी, तुमचा माणूस म्हणजे कमाल! पाचला पाच कमी, गाडी हजर. सगळ्या बेकऱ्यांना माल पोचवून परतही आली. अशी ताडपत्री आवळलेली मी कधी बघितली नाही. जा, सांगा त्यांना, काम कायमचं तुमचं. पुढच्या महिन्यात दुसरा ट्रकही लावा."

ताई रडायला लागली, हसायलाही लागली. तिच्या पदराच्या गाठीत दोन्ही चाव्या होत्या. रात्री तिनेच बांधल्या होत्या.

चावीवाला ट्रकपाशी गेला. इंजिन अजून गरम होतं. त्याने पिशवीतून मशीन काढलं, वायर खोचली आणि ताईच्या गाठीतून घेतलेली एक चावी फिरवली.

साठवलेल्या चाव्या तीन.

पुसून टाकायचं बटण तिथेच होतं. त्याने बोट नेलं... आणि फाटकाकडे पाहिलं. ताई मॅनेजरला दाजींचं पूर्ण नाव लिहून देत होती, कायमच्या कामासाठी.

त्याने वायर काढून घेतली आणि मशीन पिशवीत ठेवलं. त्या वर्षी त्या घराला दुसरा ट्रक आला. पुढच्या वर्षी तिसरा.