टबातलं मीठ

मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासतो. बावीस वर्षं तेच करतोय, म्हणून दादा मला ‘थेंबमास्तर’ म्हणतो. म्हणू दे. पाण्यात काय विरघळलंय ते नुसतं बघून कळत नाही, मोजावं लागतं.

दादाची कंबर धरली होती. डॉक्टरांनी रोज सकाळी कोमट पाण्यात मूठभर मीठ टाकून अर्धा तास बसायला सांगितलं. चौथ्या दिवशी वहिनीचा फोन आला.

“भाऊजी, तुमचं ते यंत्र घेऊन या. टबातलं पाणी खारट लागत नाहीये.”

“चाखलंत कशाला?”

“सवय हो. मीठ टाकलं की चाखून बघते.”

गेलो. दादा टबात मजेत पसरला होता. नळाचं पाणी मोजलं. लिटरमागे एकशे ऐंशी मिलिग्रॅम क्षार, नेहमीसारखं. टबातलं मोजलं, तर चाळीस. असं होऊच शकत नाही. मीठ, घाम, साबण सगळं पाण्यात उतरतं, आकडा चढायलाच हवा. यंत्र बिघडलं असेल म्हणून ऑफिसातून दुसरं आणलं. तेही चाळीस. मग वहिनीनं किलोभर मिठाचा अख्खा पुडा माझ्यासमोर टबात ओतला. मी हातानं ढवळलं, सगळं विरघळलं. आकडा अडतीस झाला.

“अरे, गेलं कुठे एवढं मीठ?” मी चिडलोच.

“डोकं नको खाऊस रे,” दादा म्हणाला. “मला कसलं हलकं वाटतंय! कंबर आहे की नाही तेच कळत नाही बघ.”

तो बाहेर येऊन अंग पुसायला लागला, तेव्हा माझं लक्ष गेलं. लहानपणी मी त्याला जिन्यावरून ढकललं होतं. हनुवटीखाली चार टाके पडले होते. तिथे आता काहीच नव्हतं.

“दादा, तुझी खूण?”

“कसली खूण?”

“मी ढकललं होतं तुला. जिन्यावरून.”

“तू?” तो हसला. “तू कशाला ढकलशील मला?”

चाळीस वर्षं येता-जाता तो मला तेच ऐकवत आलाय. टबात पुन्हा बसायचं नाही, असं मी दोघांनाही बजावलं. तो बरं म्हणाला.

आज सकाळी दहाला फोन आला. वहिनीचा.

“आत जाऊन तास झाला. हाका मारतेय, ओ देत नाहीत.”

बाथरूमचं दार आतून बंद होतं. मी बिजागऱ्या काढल्या.

कपडे खुंटीला. चष्मा बेसिनवर. खिडकीला गज.

टब काठोकाठ भरलेला होता. आत कोणी नव्हतं.

मी यंत्र बुडवलं. शून्य.

हात घातला. पाणी अंगाइतकं कोमट होतं.

वहिनी टबाच्या कडेवर बसली. बुचाच्या साखळीकडे गेलेला हात तिनं मागे घेतला.

“भाऊजी,” ती म्हणाली, “हे पाणी सोडायचं का?”

तेव्हा साडेदहा झाले होते. आता तीन वाजलेत. पाणी अजून कोमट आहे आणि मी बुचावर हात दाबून बसलोय.