एक डोळा झाका

इमारतीची लिफ्ट बंद होती, आणि ती दुरुस्त करायला आलेला माणूसच आपल्या म्हाताऱ्या आजोबांना पाठुंगळी घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या चष्म्याच्या दुकानात शिरला. घामाघूम झालेला, कपाळावर ग्रीसचा पट्टा. मी हसू दाबलं, पण माझं हसू दाबून दबणाऱ्यातलं नाही.

"हसा, हसा," तो धापा टाकत म्हणाला. "आजोबांना आज मीच लिफ्ट."

"उतरवा आधी त्यांना. आणि तुम्हीही बसा, नाहीतर डोळ्यांपुढे अंधारी यायची."

"अंधारी? मला तर... एकदम स्वच्छ दिसायला लागलंय."

हे तो भिंतीवरच्या तक्त्याकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाला. काउंटरमागे भिंग घासत बसलेल्या आईने घसा खाकरला. दुकान आईचं, भिंगं घासणंही तिचंच. डोळे तपासणं तेवढं माझं.

आजोबांना खुर्चीत बसवून मी तक्त्यावरचा दिवा लावला आणि दिवसभर म्हणते तेच वाक्य म्हणाले, "आजोबा, हाताने एक डोळा झाका."

त्यांचा हात अर्ध्यापर्यंत वर आला आणि तिथेच थांबला. मग तो हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला. "नको," ते म्हणाले. मी एका बाजूला काळी चकती लावलेली फ्रेम पुढे केली, तर तीही त्यांनी बाजूला सारली. "दोन्ही उघडे ठेवून वाचतो की. त... प... र... ल..." आणि पाचव्या ओळीपर्यंत ते धडाधड वाचत गेले. मला शंका आली. मागे वळून पाहिलं तर नातवाचे ओठ हलत होते.

"आजोबांची नजर उत्तम आहे," मी म्हणाले. "फक्त ती तुमच्या तोंडात आहे."

शेवटी चष्मा अंदाजपंचे बनवला. एकेका डोळ्याचा नंबर वेगळा न कळता केलेला चष्मा म्हणजे दोन भावांना एकाच मापाचे बूट. भागतं, पण एकाला तरी टोचतातच.

लिफ्टवाला आठवड्याभरात परत आला. चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता. मी आवळून दिला. मग तोच पुन्हा ढिला झाला, मग दुसऱ्या बाजूचा.

"आजोबा चष्मा घालून कुस्ती खेळतात का हो?"

"वय झालं, तरी रग आहे अंगात."

मी स्क्रू भिंगाखाली धरला. "या रगेला पेचकस लागतो वाटतं. तोही लिफ्टचा. खोबणीच्या कडा बघा किती सोलल्यात. पुढच्या खेपेला ढिला करायचा असेल तर माझा बारीक पेचकस घेऊन जा."

त्याचे कान लाल झाले. "आणि... स्क्रू ढिला न करता आलो तर?"

"तर चहा मिळेल."

"अरेच्चा. मग मी इतके दिवस उगाचच—"

"स्क्रू ढिला होताच. फक्त चष्म्याचा नव्हता."

त्यानंतर तो नुसता चहाला येऊ लागला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. आईला मात्र त्याच दिवशी कळलं होतं.

एका दुपारी मी थर्मास घेऊन गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनरूममध्ये गेले. तो चाकाला ग्रीस लावत होता. पत्र्यावर पाऊस टपटपत होता. मुलाने मुलीला विचारावं असं आईचं मत आहे, पण तिसऱ्या कपानंतरही मुलगा हवापाण्याच्या पुढे सरकत नसेल तर करायचं काय?

"माझ्याशी लग्न करशील?"

त्याचा चेहरा उजळला. मला तो स्पष्ट दिसला, डोळे तपासणारी आहे मी. आणि मग तो हळूहळू उतरला.

"नाही," तो म्हणाला. "म्हणजे... मला लग्नच करायचं नाहीये."

"कारण सांग. मग मी जाते."

फडक्याने हात पुसत, माझ्याकडे न बघता त्याने सांगितलं. आजोबा विशीत परदेशात, तिथल्या फौजेत होते. एका पहाटे त्यांच्या तुकडीला उजाड माळावर रांगेत बसवलं. अणुबॉम्बची चाचणी आहे, काही होत नाही, फक्त हातांनी डोळे झाका, असा हुकूम होता. त्यांनी झाकले. तेव्हा मिटलेल्या डोळ्यांनाही स्फोटाच्या उजेडात स्वतःच्या बोटांची हाडं दिसली.

"रांगेतले पुष्कळजण लवकर गेले. आजोबांचं पहिलं मूल जगलं नाही. माझे बाबा रक्ताच्या कॅन्सरने गेले, मी शाळेत होतो. त्यामुळेच गेले का, हे ठामपणे कुणी सांगत नाही. पण आमच्या घरात 'डोळे झाकून' असं कुणी बोलतसुद्धा नाही. लहानपणी लपाछपीत मला डोळे झाकू दिले नाहीत, मग मी खेळणंच सोडलं." तो थांबला. "हे माझ्यापाशी थांबवायचं ठरवलंय मी. तुला यात ओढायचं नाही."

मला रडू आलं. मांडीखाली दाबून धरलेल्या त्या हातासाठी आलं. आणि संताप आला, 'काही होत नाही' म्हणणाऱ्यांचा, ज्यांचं नावही कुणाला माहीत नव्हतं. डोळे पुसून मी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. त्या माणसांनी या घरातून पुरेसं नेलं होतं. माझा संसार मी त्यांना नेऊ देणार नव्हते.

आधी मी आनुवंशिक आजार बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "धोका आहे असं छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि अजिबात नाही असंही नाही. हमी तर मी कुठल्याच जोडप्याला देत नाही." एवढं पदरात घेऊन मी आईसमोर बसले आणि तिला सगळं सांगितलं.

आईने हातातलं भिंग खाली ठेवलं. "एकुलती एक आहेस तू. डोळे झाकून खड्ड्यात उडी मारू देऊ तुला?"

"डोळे उघडेच आहेत, आई. खड्डा आहे की नाही, तेच कुणाला दिसत नाहीये. जेवढं दिसतं तेवढं नीट बघून बोलतेय."

ती पुन्हा भिंग घासायला लागली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना म्हणाली, "त्या आजोबांचा चष्मा अंदाजपंचे दिला होतास ना? बोलाव त्यांना. दुकानाचं नाव जातं अशाने."

या खेपेला दोघे लिफ्टने आले. लिफ्टवाला तक्त्याकडे बघत उभा राहिला, जणू त्यालाच वाचायचा होता. आजोबा खुर्चीत बसले, हात सवयीने मांडीखाली गेला.

आईने स्टूल ओढलं आणि ती त्यांच्यासमोर बसली. "पोरीने मला सगळं सांगितलंय. आणखी काही सांगायचं राहिलंय का?"

"राहिलं नाही काही," आजोबा म्हणाले. "पोराची तब्येत आजवर चांगली आहे. पुढचं मला माहीत नाही, आणि काही होत नाही असं मी कधीच म्हणणार नाही. आम्हाला म्हणाले होते तसं."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "मला एवढंच ऐकायचं होतं," ती म्हणाली.

मी लिफ्टवाल्याकडे वळले. "आता तू बोल."

"मला भीती वाटते." आजोबांच्या समोरच म्हणाला तो. "उद्या मूल झालं आणि..."

"मलाही वाटते. एकेकट्याने भिण्यापेक्षा दोघं मिळून भिऊ. मूल झालं तर आपलं, नाही झालं तर आपण दोघं आहोतच. पण माझ्या भल्याचं म्हणून मला न विचारता तू ठरवायचं नाहीस. आजोबांच्या वेळी तेच झालं होतं."

बाहेर लिफ्ट घरघरत वर गेली, खाली आली.

"तुझा एक स्क्रू ढिला आहे," तो शेवटी म्हणाला.

"मग आवळ. पेचकस तुझ्याकडेच आहे."

"हो," तो म्हणाला. "म्हणजे... लग्नालाही हो. माझं पहिल्या दिवसापासून होच होतं. तेव्हा पाठीवर आजोबा होते, म्हणून बोललो नाही."

आई हसली आणि मग तिने डोळ्यांना पदर लावला. मला हसावं की रडावं ते कळेना, तेव्हा मी दोन्ही केलं.

"झालं का तुमचं?" आजोबांनी विचारलं. "लग्नात नातसुनेचा चेहरा मला नीट दिसला पाहिजे. अंदाजपंचे नाही चालायचं."

त्यांनी मांडीखालून हात बाहेर काढला. "आजोबा, नको असेल तर राहू द्या," मी म्हणाले. नातू हात धरायला पुढे झाला, पण त्यांनी मानेनेच त्याला थांबवलं. हात एकट्याने वर आला, गालापर्यंत, मग भुवईपर्यंत, आणि तिथे थांबला.

"सांग, नातसूनबाई," ते म्हणाले. "आधी कुठला झाकू?"